निवृत्तीनंतरची दिनचर्या आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या: वेळा कशा बसवायच्या?

शिवाजीपेठकर

नमस्कार मंडळी. राहणार कोल्हापूर, वय ६७, वजन ६२ किलो, पुरुष. साखर, थायरॉइड आणि बीपी तिन्ही आहेत. निवृत्तीनंतर घरची दिनचर्या ठरलेली आहे. पहाटे साडेपाचला उठणं, रंकाळा तलावाला फेरी, सातला परत. येताना गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशीचं दूध, आणि त्या दुधाबरोबरच सगळ्या गोळ्या एकदम, म्हणजे विसरायला नको. नऊला नाष्टा, एकला जेवण, दुपारी थोडी झोप, पाचला चहा, साडेआठला जेवण, दहाला अंथरूण. मांसाहार फक्त रविवारी.

डॉक्टरांच्या चिठ्ठीतल्या गोळ्या: थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम, साखरेसाठी मेटफॉर्मिन ५०० दोन वेळा, बीपीसाठी टेल्मिसार्टन ४०, ॲसिडिटीसाठी पॅन्टोप्राझोल ४० (ही बरीच वर्षं चालू आहे).

बाकीच्या: कॅल्शियम ५०० अधिक डी३, लोह असलेली मल्टिव्हिटॅमिन, बी कॉम्प्लेक्स कॅप्सूल, व्हिटॅमिन ई ४००, चघळायची व्हिटॅमिन सी ५००, केसांसाठी बायोटिन १०,००० मायक्रोग्रॅम, आणि दिवाळीपासून दर रविवारी व्हिटॅमिन डीची ६०,००० ची कॅप्सूल. अलीकडं तळपायाला मुंग्या येतात, म्हणून एकानं 'नसांची गोळी' पण सुचवली आहे.

दोनच प्रश्न. यातलं काय कशाबरोबर घ्यायचं नाही? आणि यातलं खरंच लागतं काय?

फार्मासिस्ट_शाहूपुरी

काका, आधी थायरॉइडच्या गोळीचं बघू, कारण खरी गडबड तिथं आहे. थायरॉक्सिन पोटात कॅल्शियमला भेटलं की दोन्हींचं न विरघळणारं संयुग होतं आणि औषध रक्तात न जाता तसंच बाहेर पडतं. लोहाचंही तेच. तुम्ही ही गोळी दुधाबरोबर घेताय, वर कॅल्शियमची गोळी, वर लोहाची मल्टिव्हिटॅमिन. म्हणजे ५० मायक्रोग्रॅमपैकी किती लागू पडतंय याचा भरवसा नाही, आणि रोज सारखंच लागू पडतंय असंही नाही. मग टीएसएच, म्हणजे थायरॉइडचं औषध कमी पडलं की वाढणारा रक्तातला आकडा, वर-खाली होतो आणि डोस वाढवला जातो, जेव्हा बदलायला हवी असते ती वेळ.

तुमच्या दिवसात हे सहज बसतं. साडेपाचला उठल्या उठल्या थायरॉक्सिन, फक्त साध्या पाण्याबरोबर. मग रंकाळ्याला जा. परत येईपर्यंत तासावर वेळ होते, तेव्हा चहा-दूध घ्यायला हरकत नाही. थायरॉक्सिन आणि कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या किंवा ॲसिडिटीचं पातळ औषध यांत ४ तास हवेत. आधीची चहाची सवय सुटत नसेल तर गोळी रात्री झोपताना घेता येते, पण जेवणानंतर ३ तास जायला पाहिजेत आणि तुम्ही साडेआठला जेवून दहाला झोपता, म्हणून तुमच्यासाठी पहाटच बरी. वेळ बदलल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच तपासाच. औषध नीट लागू पडायला लागलं की जुना डोस जास्त होऊ शकतो; छातीत धडधड, हात थरथरणं, झोप न लागणं असं काही वाटलं तर तेवढं थांबू नका.

पॅन्टोप्राझोल नाष्ट्याच्या अर्धा तास आधी, म्हणजे साडेआठला. नाष्ट्याबरोबर मेटफॉर्मिन आणि टेल्मिसार्टन. कॅल्शियम दुपारच्या जेवणात, घास चालू असताना किंवा लगेच नंतर. बहुतेक गोळ्यांत कॅल्शियम कार्बोनेट असतं आणि त्याला विरघळायला पोटात आम्ल लागतं. तुम्ही आम्ल कमी करणारी गोळी घेताय, म्हणजे कार्बोनेट तुम्हाला कमी लागू पडणार. कॅल्शियम सायट्रेटला आम्लाची तेवढी गरज नसते, डॉक्टरांना तसं विचारा. रात्रीच्या जेवणाबरोबर दुसरी मेटफॉर्मिन, आणि मल्टिव्हिटॅमिन ठेवायचीच असेल तर तीही तेव्हाच. त्यातलं लोह दुपारच्या कॅल्शियमपासून लांब राहतं. ए, डी, ई, के ही तेला-तुपात विरघळणारी, त्यामुळं रिकाम्या पोटी घेऊन उपयोग कमी. लोहाची गोळी चहाबरोबर तर नकोच.

आता पाकिटाची मागची बाजू वाचायची सवय लावा. तीन गोष्टी बघायच्या.

कॅल्शियमवर '१२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, ५०० मिलिग्रॅम एलिमेंटल कॅल्शियमच्या समतुल्य' असं काही लिहिलेलं असतं. एलिमेंटल म्हणजे त्यातलं प्रत्यक्ष कॅल्शियम, म्हणून आपल्या हिशेबाचा आकडा ५०० चा. एका वेळी ५००च्या वर घेतलं की शोषण घटतं, म्हणून दोन गोळ्या एकदम कधीच नाहीत.

व्हिटॅमिन डी कुठं आययू (आंतरराष्ट्रीय एकक) या मापात असतं, कुठं मायक्रोग्रॅममध्ये. १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० आययू. 'फक्त १० मायक्रोग्रॅम' म्हणजे ४०० आययू झालं.

तिसरं म्हणजे, कुठल्या कुठल्या गोळीत तेच ते आहे. तुमच्या यादीत डी तीन ठिकाणी असणार आणि बी गट दोन ठिकाणी. रविवारच्या ६०,००० ला ७ नं भागा, रोजचे ८,५७० च्या आसपास होतात. त्यात कॅल्शियमच्या गोळीतलं आणि मल्टिव्हिटॅमिनमधलं वेगळं. देखरेखीशिवाय रोज ४,००० आययूच्या वर जाऊ नये अशी सर्वसाधारण मर्यादा आहे. आठवड्याला ६०,००० हा कमतरता भरून काढायचा डोस आहे, साधारण ८ आठवड्यांचा. पुढं महिन्याला एक किंवा रोज थोडी मात्रा. काउंटरवर सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच: चिठ्ठी दोन महिन्यांची असते आणि कॅप्सूल वर्षभर नेली जाते. काही जण तर आठवड्याची कॅप्सूल रोज घेतात, कारण पाकिटात चार असतात आणि 'रोज एक' असंच डोक्यात बसलेलं असतं.

आणखी एक. ज्यावर लाल उभी रेघ आणि आरएक्स लिहिलंय ते औषध. ज्यावर एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांक आहे ते खाद्य गटातलं पूरक, रोग बरा करण्यासाठी नाही. तुम्हाला सुचवलेल्या 'नसांच्या गोळी'चं पाकीट नीट बघा. मिथाइलकोबालामिनबरोबर, म्हणजे बी १२ बरोबर, त्यात बऱ्याचदा प्रीगॅबालिन किंवा गॅबापेंटिन हे नसांच्या दुखण्यावरचं औषध असतं. त्यानं गुंगी येते, तोल जातो. रात्री लघवीला उठताना पडून खुबा मोडणं हे मुंग्यांपेक्षा फार महागात पडतं. चिठ्ठीशिवाय ती घेऊच नका.

आहारतज्ज्ञ_राजारामपुरी

वेळापत्रक वर नीट आलंय, मी ताटाबद्दल लिहिते.

कॅल्शियम: आयसीएमआर-एनआयएनच्या (राष्ट्रीय पोषण संस्थेच्या) २०२० च्या शिफारशींत प्रौढांसाठी दिवसाला १,००० मिलिग्रॅम आहे, उतारवयात थोडं जास्त धरतात. गोळी घ्यायच्या आधी ताटातलं मोजा. म्हशीच्या दुधाच्या २५० मिलिलिटरच्या ग्लासात ३०० मिलिग्रॅम किंवा थोडं जास्त. वाटीभर दह्यात २००च्या आसपास. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या घरात, म्हणजे एका भाकरीतून दीडशे-पावणेदोनशे. आपल्याकडं राधानगरी, गगनबावडा, आजरा, चंदगडची नाचणी बाजारात सहज मिळते. ज्वारीची भाकरी सोडू नका, पण एका वेळी नाचणीची करा किंवा सकाळी आंबील घ्या. दूध, दही, एक नाचणीची भाकरी आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी झाली की ७००-८०० ताटातूनच होतात. मग अर्धी गोळीही पुरते. पालकावर मात्र भिस्त नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं.

कट्ट्यावरचं दूध तिथंच धारोष्ण पीत असाल तर ते थांबवा. ताजं असणं वेगळं आणि निर्जंतुक असणं वेगळं. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस होतो. महिनोन्महिने ताप, सांधेदुखी, आणि निदान लवकर होत नाही. घरी आणून एक चांगली उकळी काढा. उकळल्यानं कॅल्शियम आणि प्रथिनं कुठं जात नाहीत. साय काढायची की नाही ते तुमच्या कोलेस्टेरॉलवर ठरवा.

व्हिटॅमिन डी: पहाटेच्या रंकाळा फेरीतून डी मिळत नाही. व्यायाम म्हणून ती उत्तम, पण कोवळ्या उन्हात त्वचेत डी बनवणारे यूव्हीबी किरण जवळपास नसतातच, आणि थंडीत तर स्वेटर-कानटोपी असते. साधी खूण: अंगणात किंवा गच्चीवर आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान पडत असेल तर ते ऊन कामाचं. कोल्हापुरात ही वेळ साधारण अकरा ते तीन. हात आणि पोटऱ्या उघड्या ठेवून २० ते ३० मिनिटं, आठवड्यातून तीन-चार दिवस. एप्रिल-मेमध्ये अकराच्या आधीच उरकून घ्या आणि डोक्यावर टोपी ठेवा. बंद काचेच्या खिडकीत बसून उपयोग नाही, काच यूव्हीबी अडवते. जून ते सप्टेंबर इथं ऊन मिळेलच असं नाही, तेवढे महिने डॉक्टरांना विचारून छोटी मात्रा चालते.

प्रथिनं: खरं सांगायचं तर तुमच्या यादीत मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे, की सात प्रकारच्या जीवनसत्त्वांचा विचार झालाय आणि प्रथिनांचा नाही. या वयात स्नायू झडतात आणि माणूस पडतो त्यामुळंच. मूत्रपिंड ठीक असेल तर किलोमागं १ ग्रॅम धरा, तुमच्यासाठी ६० ते ६५ ग्रॅम. एक अंडं ६, दुधाचा ग्लास ८-९, घट्ट वरणाची वाटी ६-७, मोडाच्या मटकीची वाटी ७-८, ५० ग्रॅम पनीर ९. नाष्ट्याला नुसते पोहे किंवा उप्पीट असेल तर सकाळ कोरडीच जाते. त्यात मूठभर शेंगदाणे आणि शेजारी एक उकडलेलं अंडं किंवा उसळ ठेवा. रविवारी एकदम तीन वाट्या मटण खाऊन आठवड्याची भरपाई होत नाही, शरीर प्रथिनं साठवत नाही.

सी: मध्यम आकाराच्या एका पेरूत २०० मिलिग्रॅमच्या आसपास मिळतं, पुरुषाची रोजची गरज ८०. चघळायची ५०० ची गोळी नको. त्यात बऱ्याचदा साखर असते. सी च्या मोठ्या मात्रेनं पुरुषांत मुतखड्याचा धोका वाढतो.

लोहासाठी गूळ खा असं आपल्या गुळाच्या गावात हमखास सांगतात. साखरेच्या रुग्णानं त्या नादाला लागू नये. गुळात थोडं लोह असतं, पण पुरेसं मिळवायचं तर जेवढा गूळ लागेल त्यानं साखर कुठल्या कुठं जाईल.

शिवाजीपेठकर

लई उपकार. थायरॉइडची गोळी उद्यापासून पहाटे पाण्याबरोबर. गेल्या आठवड्यातले रिपोर्ट देतो: व्हिटॅमिन डी ७८, बी १२ १८६, टीएसएच ६.८, हिमोग्लोबिन ११.८, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) १.१. बी कॉम्प्लेक्स रोज घेत असताना बी १२ कमी कसं? आणि इंजेक्शन चांगलं की गोळी?

सिस्टर_कसबा_बावडा

काका, एकेक आकडा घेऊ.

बी १२ २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरताच, आणि तळपायाच्या मुंग्या त्याच्याशी जुळतात. मुंग्या साखरेमुळंही असू शकतात, पण बी १२ भरून काढल्याशिवाय ते ठरवता येत नाही. कमी होण्याची तीन कारणं तुमच्याच यादीत आहेत. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं की आतड्यात बी १२ चं शोषण घटतं. पॅन्टोप्राझोलनं आम्ल कमी होतं, आणि अन्नातलं बी १२ प्रथिनांपासून सुटायला आम्ल लागतं. तिसरं, मांसाहार आठवड्यातून एकदाच. बी कॉम्प्लेक्स कॅप्सूलच्या पाकिटावर बी १२ पुढचा आकडा बघा, बहुतेक १५ मायक्रोग्रॅम किंवा त्याच्या आसपास असेल. अशा रुग्णाला तेवढ्यानं भागत नाही.

गोळी घ्यायची तर १,००० मायक्रोग्रॅमची. नेहमीचा शोषणाचा रस्ता बंद असला तरी मोठ्या मात्रेतलं साधारण १ टक्का थेट आतड्यातून झिरपतं. म्हणजे १,००० मधलं १० मायक्रोग्रॅम, रोजची गरज तर २-२.५ च आहे. त्यामुळं रोज घेतली तर गोळीही चालते. पण मुंग्या, चालताना तोल जाणं, विसरायला होणं अशी मज्जातंतूंची लक्षणं असतील तर डॉक्टर बहुधा इंजेक्शननंच सुरुवात करतात: आधी थोड्या थोड्या दिवसांनी, मग आठवड्याला, मग महिन्याला. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. हिमोग्लोबिन आधी सुधारतं, मुंग्या जायला कित्येक महिने लागतात, मध्येच सोडू नका. एकटी फॉलिक ॲसिडची गोळी अजिबात नको. त्यानं रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं. बी ६ चंही लक्षात ठेवा: मोठ्या मात्रेत बराच काळ घेतलं तर त्यानंच मुंग्या येतात. 'नसांच्या' गोळ्यांत ते बरंच असतं.

हिमोग्लोबिन ११.८ हे पुरुषासाठी कमी, १३ च्या वर हवं. डॉक्टरांना सीबीसी म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीतला एमसीव्ही (लाल पेशींचा आकार) दाखवा आणि फेरिटिन (लोहाच्या साठ्याची तपासणी) करायचं का विचारा. एमसीव्ही मोठा असेल तर बी १२ कडं बोट जातं, लहान असेल तर लोहाकडं. आणि या वयाच्या पुरुषात लोह कमी निघालं तर आधी ते कुठून जातंय ते शोधायचं असतं. जठर किंवा आतड्यातून थोडं थोडं रक्त जात असतं आणि कळत नाही. आपल्या मनानं लोहाची गोळी सुरू केली की शौचाला काळी होते, आणि रक्तामुळं काळी झाली तरी लक्षात येत नाही. म्हणून कारण कळेपर्यंत लोह असलेली मल्टिव्हिटॅमिन बाजूला ठेवलेली बरी. रक्त कमी असताना एचबीए१सी चा (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा) आकडाही फसवा येऊ शकतो, साखरेच्या डॉक्टरांना हे सांगा.

डी ७८ म्हणजे विषबाधा नाही, पण ३० पुरेसं असतं, त्याच्या खूपच पुढं आहे. रविवारची कॅप्सूल पुढच्या आठवड्यापासून बंद करायची का हे डॉक्टरांना विचारा आणि त्याच वेळी रक्तातलं कॅल्शियम बघून घ्या. डी जास्त झालं की कॅल्शियम वाढतं. सारखी तहान, सारखी लघवी, बद्धकोष्ठता, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं. साखरेच्या माणसाला तहान-लघवी साखरेचीच वाटते, म्हणून हे निसटतं.

टीएसएच ६.८ चा हिशेब अजून लागायचा आहे. वर फार्मासिस्टनी सांगितलेलं कारण आहेच, पण तुमचं बायोटिन १०,००० चं आहे. बऱ्याच लॅबमधल्या चाचणीची पद्धत बायोटिनवर चालते आणि पोटातून आलेलं जादा बायोटिन त्यात घुसतं. टीएसएच खोटा कमी दिसतो, म्हणजे तुमचा खरा आकडा ६.८ पेक्षा जास्तही असेल. हृदयविकारात करतात ती ट्रोपोनिन चाचणीसुद्धा यानं खोटी कमी येऊ शकते, तेव्हा दवाखान्यात भरती करताना ही गोळी सांगायला विसरू नका. केसांना त्याचा फायदा, कमतरता नसेल तर, होत नाही. बंद करा, आणि पुढची थायरॉइडची तपासणी त्यानंतर निदान दोन-तीन दिवसांनी.

व्हिटॅमिन ई ४०० पण सोडा. रोज ४०० आययू ई घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटच्या कर्करोगाचं प्रमाण वाढलेलं २०११ साली 'सिलेक्ट' या मोठ्या अभ्यासात दिसलं होतं. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू झालं तर रक्तस्रावाचाही धोका.

टेल्मिसार्टन घेताय म्हणून एक: 'लो सोडियम' मीठ घरात आणू नका. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं आणि या औषधाबरोबर रक्तातलं पोटॅशियम वाढतं.

फिजिओ_रुईकर_कॉलनी

मुंग्यांचा उल्लेख वाचला म्हणून थोडक्यात. पायाला संवेदना कमी असतील तर रंकाळ्याच्या फेरीला कोल्हापुरी चप्पल नको. कडक तळ, अंगठ्याला घासणारा पट्टा, आणि जखम झालेली कळत नाही. मागून बंद, पुढं रुंद, मऊ तळाचे बूट आणि सुती मोजे. संध्याकाळी पाय धुतल्यावर बोटांच्या बेचक्यांत आणि टाचेला आरसा धरून बघा. फोड किंवा लाली दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर.

चालण्यानं दमसास वाढतो, मांड्या फारशा वाढत नाहीत. घरात पक्क्या, हात नसलेल्या खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं १० वेळा, दोन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. ओट्याला धरून टाचा उचलणं १५ वेळा. मग ओट्याजवळच एका पायावर १० सेकंद, हात ओट्यापासून बोटभर वर. पावसाळ्यात रंकाळ्याचे दगड शेवाळतात, ते महिने हेच घरात करा आणि फेरी गच्चीत किंवा जिन्याखाली घाला.

शिवाजीपेठकर

सगळ्यांचं छापून घेतो आणि डॉक्टरांकडं नेतो. सात कप्प्यांचा डबा आणलाय, त्यात सगळ्याच गोळ्या भरल्या तर चालतील का?

फार्मासिस्ट_शाहूपुरी

थायरॉक्सिन सोडून. ती उजेड आणि दमटपणानं खराब होते, आपल्या बाटलीतच ठेवा, झाकण घट्ट, आणि स्वयंपाकघरात किंवा मोरीजवळच्या कपाटात नको. बाटली रात्री पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवली की पहाटे आधी तीच हाती येते. बाकीच्या गोळ्या पाकिटातून सोलून सुट्या टाकू नका. कात्रीनं पाकिटाचा चौकोन कापून तसाच कप्प्यात ठेवा, जुलैच्या हवेत कॅप्सूल चिकटतात. कापताना मुदतीची तारीख असलेला तुकडा शेवटी वापरा. डबा एकाच वारी भरा, आणि सकाळ-दुपार-रात्र असे तीन कप्पे असलेलाच घ्या, नाहीतर कॅल्शियम परत नाष्ट्याच्या गोळ्यांत मिसळेल.